पावसाळ्यात वाडीतला हिवताप: आधी पाणी शोधा, मग रक्त तपासा

गटारातले वळवळे बहुतेक क्युलेक्स डासाचे असतात. हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनाफिलीसला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं आणि कोकणात जूनपासून ते चहूकडे असतं. छपरावरची उघडी टाकी, न उपसलेली विहीर, अर्धवट बांधलेल्या घराचा हौद, बंद चिरेखाणीतले खड्डे, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीची ताडपत्री. नुसती गटारं फवारून हिवताप हटत नाही तो यामुळेच.

आपल्या दमट हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून वाडीत फेरा दर आठवड्याला, ठरलेल्या वारीच. पंधरवड्याने गेलात तर मधली एक पिढी उडून गेलेली असते.

अळ्या शोधायला पांढरा डबा किंवा मोठी पळी घ्या. पाण्यावर आपली सावली पडू देऊ नका, सावली पडताच अळ्या तळाला जातात. काठाशी, शेवाळ आणि गवताच्या बाजूला डबा तिरका धरून पाणी हळूच आत घ्या. दोन-तीन मिनिटं थांबून शेजारी पुन्हा घ्या. एकदा बुडवून ‘काही नाही’ म्हणणं ही नेहमीची चूक; मोठ्या खड्ड्यात निदान दहा ठिकाणी बघा. अळी पाण्याच्या पृष्ठाला समांतर, आडवी तरंगत असेल तर ती अ‍ॅनाफिलीसची. डोकं खाली करून लटकत असेल तर क्युलेक्स किंवा डेंग्यूच्या एडिसची. स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसले तर एक-दोन दिवसांत डास उडणार हे नक्की. कोष काही खात नाहीत, त्यामुळे अळीनाशकाची वाट न बघता ते पाणी लगेच ओता. आणि ओतायचं ते कोरड्या जमिनीवर, पऱ्ह्यात, म्हणजे ओहोळात नाही.

टाकीचं झाकण घट्ट असूनही अळ्या सापडतात, कारण ओव्हरफ्लोचा आणि हवेचा पाइप उघडा राहतो. दोन्हींच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी किंवा पातळ कापड बांधा. ताडपत्री मधे झोळ न पडेल अशी ताणा.

चिरेखाण उपसता येत नाही, तिथे अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. काठाच्या दर मीटरला ५ ते १० पुरतात. पिशवी आधी पंधरा मिनिटं त्या पाण्यात तरंगत ठेवा, मगच तोंड सोडा. विहिरीत नुकतीच टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकली असेल तर थांबा, क्लोरीनने मासे मरतात. वहाळात किंवा नैसर्गिक तळ्यात मात्र गप्पी सोडू नयेत, तिथल्या देशी माशांवर गदा येते.

धुराची फवारणी उडते डास मारते, अळ्यांना तिचा स्पर्शही होत नाही. अ‍ॅनाफिलीस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून मच्छरदाणी कडा गादीखाली खोचून लावा. औषधी मच्छरदाणी सावलीत वाळवा.

ताप आला तर पहिली गोळी घेण्याआधी रक्त द्या. लावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि डेंग्यूचाही ताप असतो, नुसत्या थंडीवरून निदान होत नाही. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते. रक्ताच्या झटपट तपासणीच्या पट्टीवर फॅल्सिपेरमची (हिवतापाच्या घातक जातीच्या जंतूची) रेघ बरं झाल्यावरही काही आठवडे येऊ शकते. शंका असेल तेव्हा काचपट्टीवरचा नमुना तपासून घ्या.

कोकणातले पुष्कळ खलाशी आफ्रिकेच्या बंदरांत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ साली जगात २६.३ कोटी लोकांना हिवताप झाला, ५ लाख ९७ हजार जण दगावले. त्यांतले ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागात झाले, त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. तिथला हिवताप प्रामुख्याने फॅल्सिपेरम, तासागणिक बिघडणारा. तिथून आलेल्या माणसाला ताप आला तर प्रवासाची गोष्ट डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा. ग्लानी, फिट, धाप किंवा लघवी कमी होणं दिसलं तर रात्रीच इस्पितळ गाठा.

हिवतापाच्या दुसऱ्या जातीचे, व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनी ताप उलटतो. त्यासाठी दिलेलं प्रायमाक्वीन, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी, १४ दिवस पूर्ण घ्यायचं असतं. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला ते देत नाहीत. जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांना त्याने रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. लघवी काळ्या चहासारखी दिसली तर गोळी तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जा.