पेरणीच्या दिवसांत ओपीडी ओस का पडते

डॉक्टर म्हणून शेतीच्या गावात पहिल्यांदाच ड्युटी लागली असेल तर एक सवय लावून घ्या. 'काय होतंय?' याआधी 'सध्या शेतात काय चाललंय?' हे विचारा. मला हे कळायला एक अख्खा हंगाम जावा लागला.

पेरणीच्या आठवड्यात ओपीडी रिकामी होती, तेव्हा वाटलं गाव ठणठणीत आहे. पेरणी उरकली आणि चिघळलेल्या जखमा घेऊन, आठ-आठ दिवस ताप अंगावर काढून माणसं रांगेला लागली. दवाखाना किती लांब आहे ते नकाशावर दिसतं, पण बुडणारी मजुरी आणि गुरांना पाणी कोण पाजणार हा प्रश्न तिथे दिसत नाही. 'एवढा उशीर का केला?' म्हणून ओरडलात, तर पुढच्या वेळी येणारच नाहीत. बीपी आटोक्यात असेल तर हंगामाआधीच दोन महिन्यांच्या गोळ्या देऊन टाका.

खरी परीक्षा फवारणीच्या दिवसांत. भर दुपारी एक तरुण आला, घामाने डबडबलेला, उलट्या करत. ऊन कडक, त्यामुळे मी उष्माघात धरून सलाइन लावलं. सिस्टरांनी टॉर्च मारून डोळे दाखवले: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तोंडातून लाळ, नाडी मंद. ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाची विषबाधा, आणि अंगात अजून तोच फवाऱ्याने भिजलेला शर्ट! हे विष कातडीतूनही शिरत राहतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं; शर्ट काढायचं मात्र सुचलं नाही. ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा) सुरू करतानाच दुसऱ्या कुणीतरी कपडे उतरवून अंग, केस, नखं साबणाने धुवावीत, हातमोजे घालूनच. आणि बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून ॲट्रोपिन थांबवू नका. छातीतली घरघर थांबून नाडी वर आली का, ते बघा. पंप पाठीवर गळतो का, तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकता का, हेही विचारायचं असतं (आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं).

सर्पदंशाची 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सोपी (नळीतलं रक्त तेवढ्या वेळात गोठलं नाही, तर विष भिनल्याची खूण), पण नळी काचेची, नवी आणि कोरडी हवी. डिटर्जंटने धुतलेल्या नळीत धडधाकट माणसाचं रक्तही गोठेलच असं नाही.

घरी गेलात तर पाणी कशात भरलंय ते बघा. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा 'चांगला धुतलाय' म्हणून वापरात असतो. शेतातल्या विहिरीचं पाणी उकळून प्या, एवढंही सांगून भागत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण खतातून झिरपलेलं नायट्रेट तसंच राहतं, उलट पाणी आटल्याने दाट होतं. तान्ह्या बाळाला हे नायट्रेट घातक, म्हणून बाटलीचं दूध पिणारं बाळ घरात असेल तर त्याच्यासाठी दुसरं पाणी शोधायला लावा.

माझ्या रजिस्टरात वयाच्या पुढे आता एक जादा रकाना आहे, 'सध्याचं काम'. बहुतेकदा सिस्टर तो माझ्याआधीच भरून ठेवतात.