मुंबईपासूनचे तिकीट, पण गाडी नाशिकरोडला पकडायची असेल तर

नाशिकहून नागपूरकडे जाताना सेवाग्राम किंवा विदर्भ एक्स्प्रेसमध्ये नाशिकरोडचा कोटा संपलेला दिसला, की अनेक जण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासूनचे तिकीट काढतात आणि नाशिकरोडला चढतात. यात गैर काही नाही. मात्र चार्ट (आरक्षित प्रवाशांची अंतिम यादी) तयार होण्यापूर्वी आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर ‘बोर्डिंग पॉइंट’, म्हणजे गाडीत चढण्याचे स्थानक, बदलून घेणे आवश्यक आहे. तसे न केल्यास प्रवासी मुंबईला आलाच नाही, अशी नोंद तिकीट तपासनीस करू शकतो आणि ती जागा आरएसी (बर्थ पक्का न झालेल्या, पण बसायला जागा मिळालेल्या) किंवा प्रतीक्षायादीतील प्रवाशाला मिळू शकते; नंतर नाशिकरोडला हातात तिकीट असूनही वाद घालण्यात अर्थ नसतो. मुंबई ते नाशिकरोड या न केलेल्या प्रवासाचे भाडे परत मिळत नाही, हे आधीच गृहीत धरावे. शिवाय एकदा बदल केल्यावर मूळ स्थानकावरून चढण्याचा हक्क संपतो, आणि तरीही तेथून चढल्यास मधल्या अंतराचे भाडे दंडासह भरावे लागते. ‘विकल्प’ योजना (प्रतीक्षायादीतील प्रवाशाला दुसऱ्या गाडीत जागा देणारी) निवडलेल्या तिकिटावर हा बदल करता येत नाही, म्हणून आरक्षणाच्या वेळीच विचार करावा. गाडी मुंबईहून रात्री उशिरा सुटत असेल, तर नाशिकरोडला ती मध्यरात्रीनंतर, म्हणजे पुढच्या तारखेला येते, याकडेही लक्ष असावे.