रुपयात किती आणे दुखतंय?

सर्जिकल वॉर्डात लागून मला दोनच आठवडे झाले होते. हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा गप पडून होते, पण कपाळावर घाम. विचारलं, "बाबा, शून्य ते दहात किती दुखतंय?" ते नुसते बघत राहिले. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, आण्यात विचारा की." विचारलं. "बारा आणे," लगेच उत्तर. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे दहात साडेसात! तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांना मी आण्यातच विचारते. आणि नुसतं पडल्यापडल्या नाही, खोकायला लावून विचारते. निजून असताना सगळ्यांनाच बरं वाटतं.

कॉलेजात 'नॉन-फार्माकॉलॉजिकल पेन मॅनेजमेंट', म्हणजे औषधाशिवाय दुखणं कमी करणं, हे शॉर्ट नोटपुरतं पाठ केलेलं असतं. वॉर्डात त्याचा अर्थ उशी, कूस, श्वास आणि बर्फ.

त्यातही पहिली उशी. पोटाला टाके असलेला माणूस खोकायला घाबरतो, मग कफ छातीत साठतो. उशी टाक्यांवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट धरायला लावा, मग खोकू द्या. सरकारी वॉर्डात उशा कधीच पुरत नाहीत; चादरीची जाड घडीही चालते. सिझेरियनच्या बायकांना हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच शिकवलं तर नंतर निम्मा त्रास वाचतो. बसायची परवानगी असेल तर पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर घ्या आणि गुडघे थोडे दुमडून ठेवा, पोटावरचा ताण सुटतो. उठवताना नातेवाईक हमखास दोन्ही हात धरून ओढतात. त्यांना थांबवा. आधी कुशीवर, मग पाय खाली, मग कोपर टेकून पेशंटला स्वतः उठू द्या.

ठेच लागली की आपण आधी अंगठा चोळतो ना? तेच वेदनेचे संशोधक मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये 'गेट कंट्रोल' म्हणून मांडलं : स्पर्शाची संवेदना मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवते. म्हणून पाठ, खांदे, तळहात हलके चोळा. पोटरी मात्र नाही. तिथे दुखत किंवा सुजलं असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, डॉक्टरांना कळवा. गुडघ्याच्या ऑपरेशनला बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं. स्पायनलनंतर (पाठीच्या कण्यात दिलेली भूल) पाय बधिर असताना गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, भाजलेलं त्याला कळणारच नाही.

आता माझी चूक सांगते. एका नाइटला स्पायनल दिलेले एक काका तळमळत होते. मी शेजारी बसून नाकाने श्वास घ्या, ओठांचा चंबू करून सोडा, असं अर्धा तास शिकवत बसले. सिनियर सिस्टर आल्या, ओटीपोटावर हात ठेवला आणि एवढंच विचारलं, "लघवी कधी झाली?" झालीच नव्हती. कॅथेटर (लघवीची नळी) घातल्यावर ८०० मिली निघाली आणि काका पाच मिनिटांत घोरायला लागले. मला मात्र त्या रात्री चहासुद्धा गोड लागला नाही. तर आधी हे बघा : लघवी, ओलं झालेलं ड्रेसिंग, घट्ट प्लास्टर, फळीसारखं कडक पोट. श्वासाचे धडे त्यानंतर.

आणि ऑर्डर असलेलं पेनकिलर टाळून भजन लावून देणं ही पेशंटची फसवणूक आहे, माझं स्पष्ट मत. भजन जरूर लावा (मोबाइलवर, त्यांच्या आवडीचं, तुमच्या नाही), पण औषध वेळेवर द्या. ते लागू पडलं की मगच पेशंटला चालवा.

जे केलं ते लिहा. 'पेशंट कम्फर्टेबल' लिहून काही कळत नाही. '१० वाजता ७, कूस बदलली, उशी दिली, १०.३० ला ४', असं हवं. आण्यांचे मात्र आकडे करून लिहा. माझ्या चार्टवर एकदा 'बारा आणे' तसंच राहिलं, आणि राउंडला सर म्हणाले, "सिस्टर, हे कसलं बिल?"