भालाफेकीची काठी घरी कशी करावी

भाला नुसत्या हाताने फेकला, तर हाताच्या लांबीइतकाच जोर मिळतो. पण त्याच्या बुडाला आकड्याच्या काठीने रेटा दिला, की हातच लांब झाल्यासारखा होतो आणि भाला कितीतरी वेगाने सुटतो. फ्रान्समधल्या कोंब-सोनिएर इथे असा रेनडिअरच्या शिंगाचा आकडा सापडला आहे, निदान १७,००० वर्षांपूर्वीचा. मेक्सिकोतले ॲझ्टेक लोक या काठीला ॲटलाटल म्हणत, ऑस्ट्रेलियात ती वूमेरा. धनुष्याइतकं नाव मात्र हिला कधी मिळालं नाही.

१. काठी. पेरूची अंगठ्याएवढी जाड, ५०-६० सेंमी लांब फांदी घ्या. तिच्या एका टोकाशी बारीक फाटा हवा. इथे गफलत होते: फाटा नेहमी शेंड्याकडे झुकलेला असतो आणि आकड्याचं तोंड मुठीकडे लागतं. म्हणून शेंड्याकडची बाजू मूठ, बुंध्याकडची आकडा. फाटा सेंटिमीटरभर ठेवून बाकीचा छाटा, टोक कानशीने गोल करा.

२. भाला. करंगळीएवढा जाड, पावणेदोन-दोन मीटर लांबीचा बांबू. वाकडा असेल तिथे शेकून, गरम असतानाच सरळ करा. जाड बाजू पुढे. मागचं टोक पेराच्या गाठीपासून सेंटिमीटरभर सोडून कापा. तयार होणाऱ्या वाटीत आकडा बसेल. वाटीला दोऱ्याचे घट्ट वेढे द्या, नाहीतर बांबू पहिल्या फेकीतच चिरतो.

३. लवचिकता. भाला उभा टेकवून वरून तळव्याने दाबा. तो सहज बाकदार व्हायला हवा. हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग. ताठ भाला आकड्यावरून निसटतो. हवं तर बांबू तासून बारीक करा.

४. तोल. पुढच्या टोकाला तांब्याची तार गुंडाळा, तोलबिंदू मध्याच्या पुढे यायला हवा. मागे कोंबडीची दोन-तीन पिसं बांधली तर उत्तम. टोक बोथटच ठेवा. रानात नेम धरू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे.

५. फेक. तीन बोटांत मूठ, अंगठा आणि तर्जनीत हलकेच भाला. सीमारेषेवरून क्षेत्ररक्षक चेंडू फेकतो तसा हात आणा, मनगट अगदी शेवटी झटका. बोटं मुद्दाम सोडू नका, भाला आपसूक सुटतो. दहा मीटरवर पेंढ्याचा भारा ठेवून सुरुवात करा. समोर आणि भाऱ्यामागे कुणी नसावं. भाला जमिनीत घुसत असेल तर मनगट उशिरा वळतंय, आभाळात जात असेल तर लवकर.