मनोविकारावरील जुनी आणि नवी औषधे : तुलना कशी करावी

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे औषध बदलण्याचा विषय निघाला की नातेवाईक सहज म्हणतात, ‘जुने नको, नवे द्या’. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील बाकावर हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. माझ्या मते तुलना औषधाच्या वयाची नव्हे, तर आपल्या रुग्णाला त्यापासून होणाऱ्या त्रासाची करावी.

१९५०च्या दशकातील क्लोरप्रोमाझिन व हॅलोपेरिडॉल ही जुनी, तर १९९०च्या दशकात आलेली रिस्पेरिडोन व ओलान्झापिन ही नवी मानली जातात. भास आणि संशय कमी करण्यात दोन्ही गटांत वाटते तेवढे अंतर नाही. अमेरिकेतील ‘कॅटी’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये आले, तेव्हा जुने परफेनाझिन बहुतेक नव्या औषधांच्या बरोबरीचे ठरले. दोन औषधांनी गुण न आल्यास क्लोझापिनचा विचार होतो; मात्र त्याने पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्याने नियमित रक्ततपासणी चुकवता येत नाही.

जुने औषध चालू असल्यास चहाचा कप धरताना रुग्णाचा हात किती थरथरतो, हे पाहावे. माझा थोरला भाऊ दोन घास खाऊन ताटावरून उठायचा आणि सोप्यात येरझाऱ्या घालायचा. आजार बळावला असे आम्ही समजलो, पण ती औषधाने आलेली पायांची अस्वस्थता होती आणि डॉक्टरांनी मात्रा कमी केल्यावर ती थांबली. त्या काळात आम्ही स्वतःहून गोळी बंद केली नाही, हे फार बरे झाले. जीभ आपोआप वळवळू लागल्यास मात्र लगेच कळवावे, कारण तो दोष कायमचा राहू शकतो.

नव्या औषधांपैकी विशेषतः ओलान्झापिनने भूक अनावर होते, आणि आपल्याकडे गूळ व म्हशीचे दूध हाताशीच असते. म्हणून सुरुवातीलाच वजन, कंबरेचा घेर, उपाशीपोटीची साखर व रक्तातील चरबी वहीत लिहावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावी. रिस्पेरिडोनने पाळी चुकू शकते. बायका संकोचाने सांगत नाहीत, तेव्हा घरातील बाईमाणसानेच विचारावे.

रुग्ण विडी ओढत असल्यास तेही सांगावे. धुरामुळे ओलान्झापिन व क्लोझापिनचे रक्तातील प्रमाण घटते, तर विडी अचानक सुटल्यास तेच वाढते. तंबाखू मळून खाणाऱ्याला हे लागू नाही.