पितळी पंपाचा स्टोव्ह परत पेटवायचाय? मग आधी घासू नका

माळ्यावर जुना पितळी पंपाचा स्टोव्ह सापडला की पहिला मोह होतो घासायचा. मी पण तेच केलं. दोन दिवस घासघास घासला, तोंड दिसेल असा केला, आणि मग पंप मारल्यावर कळलं की बुडाच्या जोडातून हवा जातेय, तो डाख लावून आणल्यावर सगळी चकाकी परत काळी. म्हणून आधीच सांगते, पॉलिश सगळ्यात शेवटी.

कारण हा स्टोव्ह म्हणजे मुळात एक हवाबंद टाकी आहे. वात नाहीच ह्याला. पंपाच्या दाबाने रॉकेल वर चढतं, तापलेल्या बर्नरच्या नळ्यांमधे त्याची वाफ होते, ती निपलच्या, म्हणजे बर्नरमधल्या छोट्या पितळी तोटीच्या, सुईएवढ्या भोकातून जोरात सुटते आणि सुटताना आजूबाजूची हवा ओढून घेते म्हणून ज्योत निळी, भांडं काळं होत नाही. १८९२ साली स्वीडनमधे फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने हा बिनवातीचा स्टोव्ह आणला, तोच प्रायमस, आणि नंतर कितीतरी कंपन्यांनी काढलेले पितळी स्टोव्ह त्याच धर्तीचे. अमुंडसेन १९११ ला दक्षिण ध्रुवावर गेला तेव्हा प्रायमसच घेऊन गेला होता, तेव्हा तुमच्या चिमुकल्या ओट्यावर तो नक्की चालेल, वीतभर जागेत मावतो हे ह्याचं मोठं सुख.

तर सुरुवात टाकीपासून. उजेडात फिरवून नीट बघा. पोचे असतील तर असू द्यात, पोच्याने काही बिघडत नाही. पण केसासारखी बारीक भेग दिसली, खासकरून पाय जोडलेत तिथे किंवा बुडाच्या कडेला, तर तो स्टोव्ह शोभेला ठेवा, पेटवायचा नाही. टाकीत जुनं रॉकेल असेल तर ते घट्ट, घाण वासाचं झालेलं असतं, ते काढून ताज्या रॉकेलने दोनतीनदा खळबळून घ्या.

आता पंप. दांडी बाहेर ओढली की टोकाला चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो. वाळून कडक झालेला असतो बहुतेक, फेकू नका, रात्रभर तेलात भिजवा आणि बोटाने कडा बाहेर फाकवा, दहातले सात वायसर एवढ्यावर जिवंत होतात (हा माझा अंदाज हं, मोजले नाहीत). वाटीचं तोंड टाकीकडे, उलटं बसवलंत तर पंप नुसता भसभसतो. पंप मारल्यावर दांडी आपोआप वर येत असेल किंवा पंपात रॉकेल येत असेल तर दोष वायसरचा नाही, पंपाच्या नळीच्या तळाशी एक छोटा झडपेचा स्क्रू असतो, त्यातलं रबर गेलंय. तो काढायला लांब दांड्याचा वेगळा पाना लागतो. पक्कड घालून जबरदस्ती केली तर पातळ नळी पिळवटते, आणि ती पिळवटली की खेळ खलास. झाकणाचं रबर पण बदला, मात्र रॉकेलला टिकणारं नायट्राईलचं घ्या, साधं रबर फुगून मऊ पडतं.

मग परीक्षा. सगळं बंद करा, बर्नर काढलेला असेल तर ते तोंड पण बुचाने बंद, स्टोव्हच्याच पंपाने दहाबारा दट्टे मारा आणि अख्खी टाकी पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे कुठून येतात ते लगेच दिसतं. कॉम्प्रेसर किंवा सायकलचा पंप लावू नका. जोड गळत असेल तर डाख लावायला जाणकार माणसाकडेच द्या, रिकाम्या टाकीतही रॉकेलची वाफ असते आणि तिच्याजवळ ज्योत नेणं म्हणजे स्वतःहून भडका ओढवून घेणं.

बर्नर आतून काजळीने चोंदलेला असतो, बाहेरून कितीही स्वच्छ दिसला तरी. तो वेगळा काढून, निपल आधी काढून ठेवून, अंधाऱ्या जागी ब्लोटॉर्चच्या ज्योतीने जेमतेम तांबूस दिसेल इतका तापवायचा, थंड होऊ द्यायचा आणि लाकडावर ठोकायचा, काळा चुरा पडतो. पडत राहीपर्यंत परत परत. जास्त लाल केलात तर नळ्यांचे जोड सुटतील, तेव्हा घाई नको. नंतर सायट्रिक अॅसिडच्या कोमट पाण्यात तासभर. बाहेर काढल्यावर गुलाबी दिसला तर घाबरू नका, वर तांब्याचा पातळ थर आलाय, घासला की जातो. बर्नर परत बसवताना खालचा शिशाचा वायसर नवाच टाका.

निपलचं भोक साधारण ०.३ मिमीचं असतं. ते साफ करायला बारीक तारेची स्टोव्हची पिनच, शिवणाची सुई नाही. सुईने भोक मोठं होतं आणि मग ज्योत कायम पिवळी, काही केलं तरी. तसं झालंच असेल तर निपल बदला.

आता घासा काय घासायचं ते. फक्त अमोनिया असलेलं पॉलिश नको. ताण असलेल्या पितळेला अमोनिया चिरा पाडतो, ब्रिटिश सैन्याची तबेल्यात ठेवलेली काडतुसं भारतात पावसाळ्यात ह्याच कारणाने तडकायची.

पेटवताना पहिल्यांदा बाहेर, मोकळ्यावर. टाकी पाऊण भरा, रॉकेलच, पेट्रोल चुकूनही नाही. हवेची चावी (टाकीतला दाब सोडायचा स्क्रू) उघडी ठेवून बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट पेटवा, ते संपत आलं की चावी बंद, दोन दट्टे, आणि निळी ज्योत धरली की मग हळूहळू आणखी. पिवळा भडका उठला म्हणजे बर्नर पुरता तापला नव्हता, चावी उघडा, दाब जाईल, शांतपणे परत सुरू. विझवायचाही असाच, चावी उघडून.

लहान किचनमधे जागा निवडताना वर लाकडी फळी, बाजूला पडदा नको आणि खिडकी उघडी हवी, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. फार रुंद भांडं ठेवलं तर उष्णता खाली टाकीवर परत येते. टाकीला हात लावून बघा, कोमट ठीक, चटका बसला की लगेच विझवा. रॉकेल संपलं तर पूर्ण थंड झाल्याशिवाय ओतायचं नाही, पाहुणे दारात असले तरी. आणि ठेवून देताना चावी सैल ठेवा, नाहीतर उरलेला दाब रात्रभर निपलमधून रॉकेल वर ढकलत बसतो आणि सकाळी ओटाभर वास.