मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर दोऱ्याने मोजा, वेळ आपल्या घड्याळाने

लेक न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीत असली की साताऱ्यात आपलं घर म्हणजे चौकशीची खिडकीच होते. कुणाचा मुलगा शिकायला निघालेला, कुणाला सुनेने बाळंतपणासाठी बोलावलेलं. "बाई, किती तास लागतात हो?" मी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे आधी कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढते.

सपाट नकाशा नकोच. त्यावर मुंबईहून न्यूयॉर्कला रेघ मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका करत अटलांटिकमध्ये शिरते. गोलावर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा आपसूक वर सरकतो. अफगाणिस्तान, मॉस्कोचा परिसर, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडा! "एवढं वळसा घालून?" असं हमखास विचारतात. अहो, तोच जवळचा रस्ता.

आता मोजलेला दोरा विषुववृत्तावर शून्य रेखांशापासून लावा. टोक ११३ अंशांच्या आसपास येईल. तिथे एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार करा, साडेबारा हजार किलोमीटर. गोल लहान असो की मोठा, फूटपट्टी लागतच नाही.

या आकड्याला ८५० ने भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. सव्वापंधरा तास झाले. पण विमान दोऱ्यावरून जात नाही. वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. शिवाय एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली की वळसा आलाच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना ती बंद केली, तसं.

तिकीट वाचताना भलेभले गोंधळतात. निघण्याची वेळ मुंबईची असते, पोहोचण्याची न्यूयॉर्कची. समजा, जुलैत रात्री १.३० ला निघून सकाळी ७.३० ला पोहोचतंय. सहा तास? छे. न्यूयॉर्क तेव्हा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. साडेसातात साडेनऊ मिळवा, आपले संध्याकाळचे पाच झाले. म्हणजे साडेपंधरा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, ती मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. तेवढ्या काळात साडेदहा धरा.

वाटेत विमान बदलून जाणार असाल तर दोन्ही उड्डाणांची बेरीज करत बसू नका. पहिलं उड्डाण आणि शेवटचं उतरणं, दोन्ही भारतीय वेळेत लिहा आणि वजाबाकी करा. मधलं ताटकळणं आपोआप धरलं जातं.

आणि साताऱ्याहून विमानतळ गाठायला पाच-सहा तास, तिथे तीन तास आधी हजेरी, पलीकडे इमिग्रेशन नि बॅगा. उंबरठा ते उंबरठा सव्वा दिवस सहज जातो. गुडघे धरत असतील तर जागा मधल्या वाटेच्या कडेची घ्या, आणि न्यायला येणाऱ्याला उतरण्याच्या वेळेनंतर दीड तासाने बोलवा. तिथलं पार्किंग महाग असतं.